भागाकारात न मावणारा माणूस

कुंडलीवरून माणूस ओळखण्याची खोड आपण पुरती सोडलेली नाही, तोच एक नवी कुंडली घरोघर येऊन बसली आहे. तिचे नाव बीएमआय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा; येईल तो आकडा म्हणजे तुम्ही!

हा भागाकार काढला कोणी? वैद्याने नव्हे. बेल्जमचा खगोलज्ञ व संख्याशास्त्रज्ञ क्वेटले 'सरासरी माणूस' शोधीत होता. १८३०च्या दशकात त्याने तो मांडला. लठ्ठपणाशी त्याला काही कर्तव्य नव्हते. आजचे नाव १९७२ साली अॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले, हजारो माणसांची मापे तपासून; आणि तीही पुरुषांचीच.

समूहासाठी हे माप उत्तम आहे, हे मी मान्य करतो. एखाद्या तालुक्यात १८.५ च्या खालच्या बायका किती, हे कळले की तिथल्या चुली किती थंड आहेत तेही कळते. आणि त्यासाठी एक काटा नि एक पट्टी पुरते. पण वर्गाची सरासरी ५५ आली म्हणून प्रत्येक मुलाच्या प्रगतिपुस्तकात ५५ लिहिणाऱ्या मास्तराला तुम्ही काय म्हणाल?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! सडपातळ भारतीयाच्या पोटात चरबी अशी दडून बसते, म्हणूनच आपल्याकडे जादा वजनाची वेस २५ वरून २३ वर आणली. उलट तालमीतल्या पैलवानाला हाच भागाकार लठ्ठ ठरवतो. स्नायू आणि चरबी यांतला भेद काट्याला कळत नाही.

मग माप फेकून द्यायचे? मुळीच नाही. त्याला दाराशी बसवा, देव्हाऱ्यात नको. आकडा वाढला तर शिंप्याची टेप घ्या, कंबर मोजा. पुरुषाला ९० आणि स्त्रीला ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका. रक्तदाब पाहा, साखर तपासा, आईबापांचे आजार आठवा.

आणि गृहस्थहो, सुनेच्या ताटातली चकली मोजण्यापूर्वी जरा आपल्या सदऱ्याखाली बघा. आकडा २२ असेलही. पण टेप खोटे बोलत नाही!