शिष्यवृत्ती हा हक्क आहे, शैक्षणिक कर्ज ही उचल आहे!

बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये, विहारांमध्ये करिअर मार्गदर्शन शिबिरं भरतात. अलीकडे या शिबिरांत एक नवा उपदेश ऐकू येतो : "शिष्यवृत्तीच्या भरवशावर किती दिवस बसणार? सरकारने कर्जाची सोय केली आहे, पोर्टलवर अर्ज करा आणि स्वतःच्या पायावर उभे राहा." बोलणारा कधी बँकेचा अधिकारी असतो, कधी कॉलेजचा एजंट. वाईट याचं वाटतं की कधी कधी तो आपलाच शिकलेला, नोकरीला लागलेला माणूस असतो, जो स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलेला आहे.

आमचं म्हणणं स्पष्ट आहे. ज्याला कर्जाशिवाय मार्गच नाही, त्याने कर्ज घ्यावं. त्याला आम्ही दोष देत नाही. पण शिष्यवृत्तीच्या जागी कर्ज आणून बसवणं हा आपल्या हक्कावरचा दरोडा आहे आणि त्याला 'स्वावलंबन' म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे.

आधी हिशेब करू

समजा, एका मुलीने इंजिनिअरिंगसाठी दरवर्षी १ लाख असे चार वर्षांत ४ लाख रुपये कर्ज घेतले. व्याजदर १० टक्के धरू. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. सरळव्याजाने ते होतं १ लाख ४० हजार. म्हणजे पहिला पगार हातात येण्याआधीच डोक्यावर ५ लाख ४० हजार. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिना साधारण ७,१०० रुपये हप्ता आणि एकूण परतफेड साडेआठ लाखांच्या वर. घेतले ४ लाख!

कुणी म्हणेल, साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांचं शिक्षणकाळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. भरतं, पण तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. समाजशास्त्र, इतिहास, मराठी घेऊन बीए-एमए करणाऱ्याने काय करायचं? नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा. जामीन नको, तारण नको, ही तिची जाहिरात. पण ती सरकारी क्रमवारीतल्या निवडक ८६० संस्थांपुरती सुरू झाली. तालुक्याच्या ज्या कॉलेजात आपली बहुसंख्य पोरं शिकतात, ते या यादीत कुठे आहे? ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ३ टक्के व्याजसवलत आहे, तीही वर्षाला फक्त १ लाख विद्यार्थ्यांना, सगळ्या देशात मिळून!

कर्जाला जात असते

बँकांच्या नियमाप्रमाणे ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत सरकारच्या हमी योजनेची सोय आहे. कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात आम्ही पोरांसोबत बँकेत जातो तेव्हा पहिला प्रश्न येतो, "वडील काय करतात?" दुसरा, "घर कुणाच्या नावावर आहे?" ज्यांच्या पिढ्या गायरानावर राबल्या आणि सातबाऱ्यावर ज्यांचं नाव कधी लागलं नाही, त्यांनी काय दाखवायचं? मग बापाचा सिबिल स्कोअर निघतो. आईने बचतगटातून, मायक्रोफायनान्समधून घेतलेलं कर्ज निघतं. नकार मिळतो, पण लेखी मिळत नाही. "पुढच्या आठवड्यात या" म्हणतात, आणि त्या पुढच्या आठवड्यात प्रवेशाची मुदत संपते.

समजा कर्ज मिळालं, पदवीही मिळाली. पुढे? सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आपण विसरता कामा नये. पात्रता सारखीच, फक्त आडनावं वेगळी, असे अर्ज त्यांनी खासगी कंपन्यांना पाठवले. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणं कमी आलं. बँकेचा हप्ता सगळ्यांना सारखा आणि नोकरीची दारं मात्र आडनाव बघून उघडणार! अमेरिकेत हेच झालं. तिथे पदवीनंतर चार वर्षांनी काळ्या पदवीधरांच्या डोक्यावर गोऱ्या पदवीधरांच्या जवळपास दुप्पट कर्ज असल्याचं अभ्यासातून पुढे आलं आहे. विषमतेच्या समाजात सारखं कर्ज हे सारखं ओझं नसतं.

आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला गेलेलं कोयतं सहा महिने राबतं, तरी उचल फिटत नाही, पुढच्या हंगामाला पुन्हा बांधलं जातं. आता तीच उचल पदवीच्या नावाने पोरांच्या हातात दिली जाते आहे. हप्त्याला बांधलेला तरुण मिळेल त्या पगारावर कंत्राटी नोकरी धरतो, साहेबापुढे मान खाली घालतो, मोर्चाला येत नाही. व्यवस्थेला असाच पदवीधर हवा आहे.

"बाबासाहेबांनीही कर्ज काढलं होतं!"

हा युक्तिवाद हल्ली फार चालतो. होय, १९२० साली लंडनचं अपुरं शिक्षण पुरं करायला जाताना बाबासाहेबांनी मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले. पण १९१३ साली ते कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. आणि मुख्य मुद्दा पुढेच आहे. ज्यांनी स्वतः पैशाची तंगी आणि कर्ज सोसलं, त्या बाबासाहेबांनी सत्तेच्या जागेवरून समाजासाठी काय मागितलं? १९४२ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यापुढे त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून अनुदान मागितलं. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणाऱ्या अर्थतज्ज्ञाला कर्ज म्हणजे काय हे कळत नव्हतं का? कळत होतं, म्हणूनच त्यांनी आपल्या पोरांसाठी कर्ज मागितलं नाही.

शिष्यवृत्तीचा गळा कसा आवळला जातो

२०१७ ते २०२० या काळात या शिष्यवृत्तीसाठी केंद्राचा वाटा वर्षाला सरासरी १,१०० कोटींवर आला होता. बाकी बोजा राज्यांवर. ओरड झाल्यावर डिसेंबर २०२० मध्ये ६०:४० चं सूत्र आलं. पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांवरच अडकलेली आहे. ८ लाखांपर्यंत कमावणारा सवर्ण 'आर्थिक दुर्बल' आणि अडीच लाखांच्या वर एक रुपया कमावणारं बौद्ध कुटुंब निर्वाह भत्त्याला अपात्र! हा कुठला न्याय? त्यांना फ्रीशिप आहे, म्हणजे फी माफ. पण जेवायचं काय, राहायचं कुठे?

त्यात महाडीबीटीवर हप्ते रखडतात आणि कॉलेज फीसाठी मार्कशीट अडवतं. व्यवस्थापन कोट्याला शिष्यवृत्ती नाही. अशा कोंडीत सापडलेल्या पोरासमोर कर्जाचा अर्ज ठेवायचा आणि म्हणायचं, "निवड तुझी आहे." २०१७ पासून केंद्रीय विद्यापीठांनासुद्धा इमारती-प्रयोगशाळांसाठी अनुदानाऐवजी हेफा या संस्थेमार्फत कर्ज दिलं जातं. संस्था कर्जात, म्हणून फी वाढते. फी वाढते, म्हणून विद्यार्थी कर्जात. ही साखळी ओळखा.

मग करायचं काय?

पहिलं, शिष्यवृत्तीला पात्र असाल तर कर्जाचा विचार नंतर. उत्पन्नाचा दाखला आणि जात पडताळणी वेळेत करा. प्रवेशाच्या वेळी फ्रीशिप कार्ड दाखवा, आगाऊ फी मागितली तर मागणी लेखी घ्या आणि समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे तक्रार करा. वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज भरा.

दुसरं, कर्ज घ्यावंच लागलं तर आधी महात्मा फुले महामंडळाच्या शैक्षणिक कर्ज योजनेची चौकशी करा. बँकेत अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरूनच करा, म्हणजे नोंद राहते. नकाराचं कारण लेखी मागा. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सिबिल कमी म्हणून नाकारलं तर केरळ उच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल दाखवा : कमी सिबिलवरून शैक्षणिक कर्ज नाकारता येत नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे एकेकट्याने करू नका. प्रत्येक विहारात प्रवेशाच्या काळात मदत केंद्र चालवा. रखडलेल्या शिष्यवृत्त्यांची कॉलेजनिहाय यादी करा आणि ती घेऊन समाजकल्याण कार्यालयावर धडक द्या. उत्पन्न मर्यादा ८ लाख करा, भत्ता महागाईशी जोडा, शिष्यवृत्ती सत्र सुरू होताना द्या, या मागण्या प्रत्येक उमेदवाराला मत मागायला आल्यावर विचारा.

'शिका' या शब्दामागे बाबासाहेबांनी 'संघटित व्हा, संघर्ष करा' हे शब्द उगाच जोडलेले नाहीत. आपली पोरं शिकतील, पण गहाण पडून नाही.

जय भीम!