विश्लेषण : रॉ फोटोंसाठी सॉफ्टवेअर : भाड्याचे, विकतचे की मोफत?

एका लग्नातून दोन हजार फोटो घेऊन परतलेल्या फोटोग्राफरचे निम्मे काम अजून बाकी असते. ते संगणकावर होते आणि त्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा खर्च आता कॅमेऱ्यासारखा एकदाच करून संपत नाही. खापरखेडा, कोराडी, सावनेर पट्ट्यातील छोट्या स्टुडिओंसमोर त्यामुळे प्रश्न आहे, की दरमहा पैसे भरायचे, एकदाच विकत घ्यायचे, की मोफत पर्याय शिकून घ्यायचा?

रॉ फाइल म्हणजे काय?

कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली माहिती म्हणजे रॉ फाइल. तिला डिजिटल निगेटिव्ह म्हणता येईल. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा साठवल्या जातात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. त्यामुळे काळवंडलेला चेहरा उजळवायला किंवा पांढरे पडलेले आकाश सावरायला वाव मिळतो. मात्र ही फाइल थेट छापता येत नाही. आधी ती सॉफ्टवेअरमध्ये ‘डेव्हलप’ करावी लागते. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची धरली, तर दोन हजार फोटोंना ५० ते ६० जीबी जागा लागते.

खापरखेड्यात तिचा उपयोग कुठे?

पहिला उपयोग लग्नात. पिवळ्या कापडाच्या मांडवात हळद लागताना सगळ्यांचेच चेहरे पिवळे दिसतात आणि रात्री स्टेजवर एलईडीचे रंग मिसळतात. रॉ फाइलमध्ये प्रकाशाचा रंग नंतर ठरवता येतो. दुसरा उपयोग जंगलात. पेंच व्याघ्र प्रकल्पात पहाटेच्या अंधुक उजेडात टिपलेल्या वाघाच्या फोटोत दाणे येतात, ते रॉ फाइलवरून अधिक चांगले काढता येतात.

तिसरा उपयोग गावाच्या प्रश्नांशी जोडलेला आहे. खापरखेड्यात महानिर्मितीचे १,३४० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे आणि राखेच्या तक्रारी या परिसराला नव्या नाहीत. शेजारच्या कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख-तलाव जुलै २०२२ मध्ये फुटला होता. पिकावर बसलेली राख किंवा धुराने भरलेले आकाश टिपणाऱ्याला ‘फोटोत फेरफार केला’ हा आरोप हमखास ऐकावा लागतो. अशा वेळी जपून ठेवलेली मूळ रॉ फाइल कामी येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याच्या नमुन्यात फाइलच्या ‘हॅश’ मूल्याचाही रकाना आहे. फाइलमध्ये किंचितही बदल झाला तरी हे मूल्य बदलते.

बाजारात काय बदलले?

अॅडोबीने २०१३ मध्ये आपली प्रमुख सॉफ्टवेअर वर्गणीवर नेली. एकदाच पैसे भरून मिळणारी लाइटरूमची शेवटची आवृत्ती, लाइटरूम ६, २०१५ मध्ये आली. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने महिन्याला ९.९९ डॉलरची, २० जीबी क्लाउड साठवणीची फोटोग्राफी योजना नव्या ग्राहकांसाठी बंद केली. दुसऱ्या बाजूला, अॅफिनिटी हे एकदाच विकत घ्यावे लागणारे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी मार्च २०२४ मध्ये कॅनव्हाने घेतली आणि ३० ऑक्टोबर २०२५ रोजी ते मोफत केले. त्यासाठी कॅनव्हाचे खाते लागते आणि एआय सुविधांना वेगळे पैसे पडतात.

वर्गणी थांबली तर काय होते?

मूळ फोटो जात नाहीत, कारण रॉ सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाही. केलेले बदल सूचनांच्या स्वरूपात वेगळे साठवले जातात. लाइटरूम क्लासिकची वर्गणी संपल्यावर फोटो पाहता येतात, बाहेरही काढता येतात, पण डेव्हलप विभाग बंद होतो.

खरी अडचण पुढे आहे. एका सॉफ्टवेअरमधील सूचना दुसऱ्याला नीट कळत नाहीत. पाच वर्षांची लग्ने एका ठिकाणी संपादित केलेली असतील, तर सॉफ्टवेअर बदलल्यावर जुन्या फोटोंवर पुन्हा पहिल्यापासून काम करावे लागते. म्हणून पहिली निवड महत्त्वाची ठरते.

मोफत पर्याय पुरेसे आहेत का?

बऱ्याच कामांसाठी, हो. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात. एका फोटोवरचे बदल शेकडो फोटोंना एकदम लावता येतात. किंमत मोजावी लागते ती वेळेची. डार्कटेबल हाताला बसायला काही आठवडे लागू शकतात. अॅफिनिटी एकेका फोटोच्या बारीक कामाला चांगले आहे, पण हजारो फोटोंतून निवड करण्याची लाइटरूमसारखी व्यवस्था त्यात नाही.

अनेकांना माहीत नसलेला पर्याय म्हणजे कॅमेरा कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअर. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचे एनएक्स स्टुडिओ मोफत मिळते. त्यातील रंग कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या रंगांच्या सर्वांत जवळचे असतात. एकदाच पैसे मोजायची तयारी असेल तर डीएक्सओ फोटोलॅबही आहे.

‘क्रॅक’ आवृत्तीचे काय?

पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या चोरट्या प्रतींबरोबर व्हायरस येण्याची भीती असते. ग्राहकांच्या लग्नाचा एकुलता एक डेटा त्याच संगणकात असतो. शिवाय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

मग निवड कशी करावी?

हंगामात आठवड्याला दोन-तीन लग्ने करणाऱ्या आणि अल्बमची तारीख पाळावी लागणाऱ्या स्टुडिओला लाइटरूमची वर्गणी परवडू शकते, कारण वाचलेला वेळ म्हणजेच पैसा. वर्षाला मोजकीच कामे करणाऱ्याने कॅमेरा कंपनीच्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात करावी आणि मग डार्कटेबलकडे जावे. हौशी वन्यजीव छायाचित्रकारालाही हाच मार्ग सोयीचा.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. आपल्या कॅमेऱ्याची रॉ फाइल त्यात उघडते का? जुनी सॉफ्टवेअर नव्या कॅमेऱ्यांच्या फाइल ओळखत नाहीत. तेव्हा अॅडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरने मार्ग निघू शकतो. आपला लॅपटॉप ते पेलतो का? चाचणी आवृत्ती घेऊन एका अख्ख्या लग्नाचे फोटो त्यावर करून पाहावेत. आणि उद्या ते सोडायचे ठरले तर काम बाहेर कसे काढायचे?

सॉफ्टवेअर कोणतेही असो, रॉ फाइल दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवाव्यात आणि अंतिम फोटो पूर्ण आकाराच्या जेपेग किंवा टिफमध्ये काढून घ्यावेत. सॉफ्टवेअर कंपनी दर बदलेल, मालक बदलेल किंवा बंदही पडेल. दहा वर्षांनी त्या लग्नातील कुणी जुना फोटो मागायला आले, तर तो देता आला पाहिजे.