बोगदा खोदणाऱ्या यंत्राला मुक्ता साळवेंचे नाव का नको?

पुणे मेट्रोचा भुयारी मार्ग खोदणाऱ्या यंत्रांची नावे होती मुळा, मुठा आणि पवना. मुंबईच्या मेट्रो-३ वर १७ यंत्रे चालली. तिथेही कृष्णा, गोदावरी, वैनगंगा, तानसा या नद्याच. इंग्लंडमध्ये मात्र अशा यंत्रांना गणिती एडा लव्हलेस, परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची नावे मिळाली.

नद्यांना आमचा विरोध नाही. पण नदीचे नाव कुणालाच खटकत नाही; माणसाचे नाव घेतले की इतिहास सांगावा लागतो.

स्वारगेट–कात्रज या ५.४६ किलोमीटर भुयारी मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. तिथल्या एका यंत्राला 'मुक्ता' म्हणा. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकलेल्या या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. दुसऱ्याला 'रमाबाई' म्हणा. आमच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या निराधार बायकांना आसरा दिला. त्यांचा धर्ममार्ग वेगळा, आपला बुद्धाचा. पण ते काम नाकारता येत नाही.

मात्र एवढ्यावर समाधान नको. बोगदा संपला की यंत्र सुटे होते आणि नावही विसरले जाते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळायला १९७८च्या ठरावापासून १९९४ उजाडले, कारण ते नाव कायमचे होते. म्हणून तरुणांनी महामेट्रोला निवेदन देताना दोन गोष्टी मागाव्यात: यंत्राला नाव, आणि स्थानकात मुक्ताची ओळख सांगणारा कायमचा फलक. त्याच फलकावर बोगदा खोदणाऱ्या मजुरांचीही नावे हवीत.