दारातली मोटारसायकल आणि थांब्यावरची माणसे

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांतील जनतेला जिल्हा कचेरीच्या कामासाठी परभणी गाठावी लागू नये, हा हेतू रास्तच होता. कचेरी जवळ आली. परंतु गावापासून त्या कचेरीपर्यंत माणसाने जायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर शासनाकडून आले नाही. ते बाजाराकडून आले, आणि त्या उत्तराचे नाव मोटारसायकल.

या वाहनाबद्दल बोलताना समाजवाद्यांनी प्रथम स्वतःशी प्रामाणिक असले पाहिजे. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकसाठी मध्यमवर्गीय माणसाला नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. कारखान्याने किती स्कूटर काढाव्यात हे परवान्यावर ठरे, आणि या टंचाईला नियोजनाचे भारदस्त नाव मिळे. सामान्य माणसाच्या गरजेला चैन समजण्याची चूक त्या काळात आपल्यातील अनेकांनी केली. नव्वदीच्या दशकात ती टंचाई सरली तेव्हा लोक दुकानांकडे लोटले, याचा दोष लोकांना देता येणार नाही.

त्या दशकाच्या अखेरीस आणखी एक बदल घडला. १९९८-९९ च्या सुमारास देशातील मोटारसायकलींच्या विक्रीने स्कूटरला मागे टाकले. त्याचे कारण मराठवाड्यातील कोणताही शेतकरी सांगू शकेल. चेतकची चाके दहा इंची, इंजिन एका बाजूला. शहरातील डांबरी रस्त्यावर ती शोभून दिसे. काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावर मात्र खड्ड्यात बसे. हीरो होंडा स्प्लेंडरची चाके अठरा इंची, इंजिन मधोमध आणि चार स्ट्रोकचे. पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याची कटकट नाही, आणि एका लिटरात अंतरही अधिक कापले जाई. १९९७ ची बजाज बॉक्सर आणि १९९८ ची कॅलिबर याच वाटेने आल्या. खेड्यातील रस्ता सुधारण्याऐवजी त्या रस्त्यावर टिकणारे वाहन मिळाले, आणि रस्त्याची जबाबदारी ज्यांची होती ते निश्चिंत झाले.

मोटारसायकलीने खेड्याला पुष्कळ दिले, हे नाकारणे खोटेपणाचे होईल. रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेता आले. सकाळचे दूध वेळेवर डेअरीत पोचले. हळद बाजारात नेण्यापूर्वी वसमतचा आणि हिंगोलीचा भाव स्वतः जाऊन पाहता आला. एके काळी घोड्यावरून हिंडणारा पाटील आणि पायी चालणारा माणूस यांच्यातील अंतर त्यामुळे काही अंशी मिटले. ज्याच्या पूर्वजांना गावातून वहाणा हातात घेऊन चालावे लागे, त्याचा मुलगा स्वतःच्या गाडीवरून वेशीतून आत येतो, या दृश्याचे मोल पैशात मोजता येत नाही.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही आहे. दुचाकीसाठी कर्ज देणारी स्वतंत्र कंपनी पुण्यात १९८७ मध्येच निघाली होती. पुढे हप्त्यांची ही पद्धत तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. हप्ता दरमहा येतो. सोयाबीन, कापूस आणि हळद यांचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो, आणि पावसाने दगा दिल्यास तोही येत नाही. सार्वजनिक वाहतुकीवर शासनाने करावयाचा खर्च अशा रीतीने कोरडवाहू कुटुंबाच्या कर्जखात्यावर चढला.

आणि ज्यांच्या दारात गाडी नाही त्यांचे काय? किंवा दारात आहे, पण किल्ली ज्यांच्या हाती नाही, त्यांचे? शेतमजूर बाई, म्हातारी माणसे, शाळकरी मुली आजही थांब्यावरच उभ्या आहेत. २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबलेल्या एस.टी. संपात हे उघडे पडले. दुचाकीवाल्यांचे दिवस फारसे अडले नाहीत. या माणसांचे अडले. कामगारांची मागणी जगण्याची होती. पण त्यांच्या आणि प्रवाशांच्या दुःखाची सांगड घालणारे राजकीय बळ उभे राहिले नाही, कारण गावातील बोलका, वजनदार माणूस थांब्यावरून केव्हाच निघून गेला होता. सार्वजनिक सेवा अशाच मरतात: ज्यांचा आवाज ऐकला जातो त्यांना तिची गरज उरत नाही आणि ज्यांना गरज असते त्यांचा आवाज ऐकला जात नाही.

मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. ग्रामीण विद्यार्थिनींसाठी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने मोफत पासाची योजना त्याआधीपासून आहे. या सवलती स्वागतार्ह आहेत. मात्र ज्या गावात गाडीच येत नाही तेथे अर्ध्या तिकिटाची किंमत शून्य असते. हिंगोली जिल्हा वेगळा झाला, वाहनांना एमएच-३८ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला, एस.टी.चा विभाग मात्र आजही परभणीचाच आहे. खाजगी वाहनाच्या नोंदणीला जिल्हा लाभला, सार्वजनिक वाहनाच्या कारभाराला लाभला नाही.

कार्यकर्त्यांनी येथे स्वतःकडेही पाहावे. चळवळीचा माणूस पूर्वी एस.टी.ने गावी जाई. थांब्यावर, गाडीत, गाडी चुकल्यावर एखाद्याच्या ओसरीवर त्याला गाव भेटे. आज तो दुचाकीवरून येतो, सभा आटोपतो आणि अंधार पडण्यापूर्वी परततो. गाडी विकण्याचा उपदेश येथे कोणालाही करावयाचा नाही. आपल्या तालुक्यातील कोणत्या गावाला दिवसातून किती फेऱ्या आहेत, कोणत्या बंद झाल्या आणि त्यामुळे कोणत्या मुलीची शाळा सुटली, याची यादी मात्र प्रत्येक शाखेने करावी, ती ग्रामसभेत वाचावी आणि आगारप्रमुखापुढे ठेवावी. त्या यादीसाठी निदान एक दिवस गाडी घरी ठेवून थांब्यावर उभे राहावे लागेल.