जलविहाराचा परवाना

बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना पालीजवळ बिंदुसरेचा जलाशय लागतो. तो भरून सांडव्यावरून वाहू लागला की तेथे माणसांची रीघ लागते. दुष्काळी मुलखाला पाण्याचे असे अप्रूप असणे स्वाभाविक आहे आणि पाण्यातून नौकेने फिरावे ही हौसही त्यातूनच येते. बिंदुसरा अभयारण्यात मोडत नाही. परंतु मराठवाड्याचा सर्वांत मोठा जलाशय, पैठणचा नाथसागर, 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. अशा राखीव पाण्यात जलविहाराला परवानगी द्यावयाची तर ती कोणत्या तत्त्वावर, हा प्रश्न म्हणूनच या भागाला परका नाही.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 28 मध्ये अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कशासाठी द्यावा हे सांगितले आहे. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन यांच्या पंक्तीत तेथे पर्यटनही आहे, आणि राष्ट्रीय उद्यानांनाही हे कलम लागू आहे. पोटासाठी जाळे टाकणाऱ्याचा या यादीत उल्लेख नाही. हौसेला दार आहे, उपजीविकेला नाही, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

उपजीविकेला दार उघडले गेले तेव्हा त्याला कड्याही लावल्या गेल्या. महाराष्ट्राच्या सीमेवरील पेंच राष्ट्रीय उद्यानात, तोतलाडोह जलाशयावर, मध्य प्रदेशाने 305 विस्थापित आदिवासींना मासेमारीचे परवाने दिले होते. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 1997 च्या निकालाने परवाने रद्द केले नाहीत. मात्र छायाचित्राचे ओळखपत्र, जाण्यायेण्याचा ठरावीक मार्ग, नाक्यावर रोजची नोंद, काठावर विस्तव पेटवण्यास आणि बेटांवर जाण्यास मनाई, अशा अटी घातल्या. माणसे मोजलेली, वाट आखलेली. परवाना म्हणतात तो याला.

पर्यटकांच्या नौकेला हाच न्याय का नसावा? शुल्क ही किंमत आहे, मर्यादा नव्हे. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला शुल्क अडवीत नाही, आणि ज्या खात्याला उत्पन्न हवे त्याला संख्या वाढवण्याचाच मोह होतो. व्याघ्र प्रकल्पांतील पर्यटनासाठी 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी धारणक्षमतेचा हिशेब घालून दिला. जलाशयाला तो अधिक काटेकोरपणे लावावा लागेल, कारण जंगलातील रस्ता वर्षभर तेवढाच राहतो. पाणी राहत नाही. नाथसागर उथळ आहे. पाणी ओसरते तसा पक्ष्यांचा चारा उघड्या चिखलात मिळू लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी नौकांना फिरावयाची जागा आक्रसते. 2016 च्या उन्हाळ्यात तर उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यावर वेळ आली होती. तेव्हा नौकांची संख्या वर्षाच्या प्रारंभी ठरवून चालणार नाही; ती जलपातळीशी बांधली पाहिजे आणि हिवाळी पाहुण्यांच्या मुक्कामाचे पट्टे पूर्ण वर्ज्य ठेवले पाहिजेत.

हा केवळ पाखरांचा प्रश्न नाही. 30 सप्टेंबर 2009 रोजी केरळात, पेरियार व्याघ्र प्रकल्पातील थेक्कडीच्या जलाशयात राज्याच्या पर्यटन महामंडळाची नौका उलटून 45 जण बुडाले. नौका शासकीय, अरण्य शासकीय, तपासणार कोण? 18 जानेवारी 2024 रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली, 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. तो तलाव राखीव नव्हता, ठेकेदाराकडे होता; पण नौकेत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 ने यांत्रिक नौकांना नोंदणी, तपासणी आणि विमा बंधनकारक केला आहे. कायद्याची वाण नाही.

वाण आहे ती एका जबाबदार हाताची. पाणी पाटबंधारे खात्याचे, पक्षी वन खात्याचे, मासळी मत्स्यव्यवसाय खात्याची, पर्यटक महामंडळाचे! अशा वाटणीत तिकीट फाडावयास सारे पुढे येतात आणि जाकिटे मोजावयास कोणी नसतो. प्रवेशाचा परवाना वन खात्याने द्यावा, तपासणी नौका न चालवणाऱ्या यंत्रणेने करावी, आणि त्या दिवशी किती नौका, किती माणसे, याचा आकडा धक्क्यावर मराठीत लावावा. नौका चालवण्याचे काम मात्र प्रथम त्याच पाण्यावर जगणाऱ्या मच्छीमारांना मिळावे. वारा कोणत्या अंगाने उठतो हे ठेकेदारापेक्षा त्यांना अधिक कळते.