एकच नाव, वेगळी ताकद

शेतासाठी मोटारपंप घ्यायचा असला, की आपल्या भागातील शेतकरी दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो, "हा किती हॉर्सपॉवरचा?" तीनचा की पाचचा, हे कळल्याशिवाय तो खिशात हात घालत नाही. कंपनी एकच असली, तरी दोन्ही पंपांची ताकद सारखी नसते, हे त्याला चांगले ठाऊक असते. पण तोच शेतकरी आसेगावहून वाशिमला किंवा अकोल्याला मुलासाठी संगणक घ्यायला जातो, तेव्हा हा प्रश्न विचारायचे विसरतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले नाव पाहतो आणि पैसे मोजतो. माझ्या मते ही सवय आपण बदलली पाहिजे.

संगणकात सगळे हिशोब करणारा एक लहानसा चौकोनी भाग असतो. त्याला प्रोसेसर म्हणतात. टेबलावर ठेवायचा संगणक म्हणजे डेस्कटॉप आणि पिशवीत घालून नेता येतो तो लॅपटॉप. प्रोसेसर दोन्हींत असतो. पुष्कळदा दोन्हींच्या जाहिरातीत प्रोसेसरचे नावही एकच असते. गोंधळ इथेच होतो.

एक उदाहरण पाहू. इंटेल कंपनीने २०१९ साली लॅपटॉपसाठी 'कोअर आय-फाइव्ह १०२१०यू' हा प्रोसेसर काढला. २०२० साली डेस्कटॉपसाठी 'कोअर आय-फाइव्ह १०४००' काढला. दोघांचे नाव आय-फाइव्ह आणि दोघेही दहाव्या पिढीचे. पण डेस्कटॉपच्या प्रोसेसरमध्ये सहा कोअर आहेत, लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये चारच. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आत काम करणारा जणू एक मजूर. पहिल्याचा मूळ वेग २.९ गिगाहर्ट्झ, तर दुसऱ्याचा १.६. पहिला ६५ वॅटच्या हिशोबाने बनवलेला, दुसरा अवघ्या १५ वॅटच्या. आता सांगा, हे दोघे सारखे कसे?

असे का करावे लागते? प्रोसेसर जितकी वीज घेतो, तितका तो तापतो. डेस्कटॉपचा डबा मोठा असतो. त्यात मोठा पंखा बसतो, हवा खेळते. लॅपटॉप पातळ असतो आणि त्याला बॅटरीही पुरवून वापरावी लागते. म्हणून त्याला वीज बेताचीच दिली जाते.

यात आणखी एक गंमत आहे. हे दोन्ही प्रोसेसर थोडा वेळ जोरात धावू शकतात. तेव्हा डेस्कटॉपचा वेग ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि लॅपटॉपचा ४.२ पर्यंत. दुकानात पाच मिनिटे चालवून पाहिले, तर साध्या कामात दोघांतला फरक सहसा जाणवत नाही. काम लांबले आणि यंत्र तापले, की लॅपटॉप स्वतःला सांभाळण्यासाठी वेग कमी करतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत ही गोष्ट विसरून चालणार नाही.

मग लॅपटॉप वाईट का? मुळीच नाही. ॲपल कंपनीने २०२० साली 'एम-वन' नावाचा एकच प्रोसेसर लॅपटॉपमध्येही बसवला आणि टेबलावरच्या संगणकातही. त्यांच्या ज्या लॅपटॉपमध्ये पंखाच नव्हता, तोही रोजच्या कामात चपळ होता. फक्त फार वेळ चालणाऱ्या जड कामात तो पंखा असलेल्या यंत्रांच्या मागे पडे. शिवाय वीज गेली, तर डेस्कटॉप तिथल्या तिथे बंद पडतो. लॅपटॉपवरचे काम मात्र बॅटरीवर चालू राहते. ज्या घरात विजेचा भरवसा नाही, तिथे हा गुण लहान नाही.

म्हणून माझे मत असे आहे. शाळेने संगणक कक्षासाठी डेस्कटॉपच घ्यावेत. ते जागचे हलत नाहीत, सारख्या पैशांत सहसा जास्त ताकद देतात आणि एखादा भाग बिघडला, तर तेवढाच बदलता येतो. वाचलेल्या पैशांत एक संगणक जास्त आला, तर आणखी एका मुलाला किंवा मुलीला बसायला जागा मिळते. शिकायला परगावी जाऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलाने मात्र लॅपटॉप घ्यावा.

आणि मोठे नाव परवडत नाही म्हणून मन खट्टू करू नका. डॉ. विजय भटकर यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १९४६ साली अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी झाला. आपला वाशिम जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. त्याआधी हा भागही अकोला जिल्ह्यातच होता. भारताला परदेशातून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. डॉ. भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. तो एकाच बलाढ्य प्रोसेसरवर चालत नव्हता. अनेक लहान प्रोसेसर एकमेकांना जोडून त्यांच्यात काम वाटून दिले होते. आधी कामाचा विचार करावा आणि मग यंत्राचा, हेच यातून शिकायचे. उर्दू-मराठी टंकलेखन शिकायला, गणिताचा तक्ता मांडायला किंवा पहिले प्रोग्रॅम लिहायला साधा प्रोसेसरही पुरतो.

सोयाबीन विकून आलेला पैसा सहज आलेला नसतो. त्यामागे अब्बांची आणि अम्मीची वर्षभराची मेहनत असते. संगणक घ्यायची वेळ आली, तर तुम्ही अब्बांबरोबर दुकानात जा. खोक्यावरची बारीक अक्षरे तुम्हीच वाचा. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक काय, कोअर किती आणि वॅट किती, हे दुकानदाराला विचारा. विचारताना लाजू नका. पंप घेताना अब्बा कुठे लाजतात?