भुताला कात्री लावा!

ऑक्टोबर सरत आला की हॅलोवीनवरून आपल्या लोकांत वाद सुरू होतो. एक म्हणतो, ही परक्यांची भुतं आपल्या घरात कशाला? दुसरा म्हणतो, पोरांची गंमत आहे, करू द्या की! मला या दोघांनाही एकच विचारावंसं वाटतं. ते भूत घरात आलं कुठून, दुकानातून की घरच्या कात्रीतून? माझ्या मते सगळं त्यावर ठरतं.

थोडं मागे जाऊ. ३१ ऑक्टोबर ही ख्रिस्ती पंचांगातल्या सर्व संतांच्या दिवसाची आदली रात्र. १ नोव्हेंबरचा हा दिवस आणि २ नोव्हेंबरचा मृतात्म्यांचा दिवस आपल्या गोव्यातही पाळतात. दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, फुलं वाहिली जातात. भुताटकीचा भाग मात्र आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. तिथले लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात ते मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले, तिथे त्यांना भोपळा मिळाला. कोरायला सोपा, आकाराने मोठा. सण नव्या मातीत रुजला तो असा, हाताशी जे होतं त्यातून.

कागद आला तो नंतर. मॅसॅच्युसेट्समधली डेनिसन कंपनी क्रेप कागद विकायची. तिने १९०९ साली ‘बोगी बुक’ नावाची पुस्तिका काढली. हॅलोवीनला घर कसं सजवावं, कागदाचे पोशाख कसे करावेत, हे त्यात सांगितलेलं असे. हेतू अर्थात कागद खपवण्याचा. पण कागद घरी नेल्यावर कात्री गिऱ्हाइकालाच चालवावी लागे. पुढे पेनसिल्व्हानियातल्या बाइस्टल कंपनीसारख्यांनी पुठ्ठ्याची तयार मांजरं आणि सांगाडे बाजारात आणले. त्यानंतर आलं प्लास्टिक. आता तर खटका दाबला की किंचाळणारा सांगाडाही मिळतो. कात्री गेली ती गेलीच.

पण पुरती गेलेली नाही. माझी एक भाची न्यू जर्सीत असते. तिने आणि तिच्या आठ वर्षांच्या मुलीने गेल्या वर्षी हॅलोवीनसाठी भिंतीवर लावायची एक चौकट केली. फोनवर ती मला म्हणाली, “मामा, तुम्ही आम्हाला आकाशकंदील करायला शिकवलात ना, तीच विद्या वापरली.” सामान काय? पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा, एका फाटक्या पुस्तकाची पानं, काळा कार्डशीट, जखमेला बांधायची जाळीदार पट्टी, जुनी बटणं आणि सुतळी. पुस्तकाची पानं चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली, की जुनाट पिवळी होतात. ती पुठ्ठ्यावर चिकटवली, ही झाली रात्रीची भिंत. त्यावर काळ्या कागदातून कापलेलं पडकं घर आणि एक वाकडं झाड. पट्टीचे धागे ओढून विसकटले की कोळ्याचं जाळं तयार. घुबडाचे डोळे बटणांचे. वटवाघूळ भिंतीला सपाट न चिकटवता पुठ्ठ्याच्या बारक्या तुकड्यावर उचलून लावायचं, म्हणजे मागे सावली पडते. खरी भीती त्या सावलीत!

पहिल्या खेपेला पुठ्ठा वाळताना धनुष्यासारखा वाकला. एका बाजूने ओला कागद लावला, की तो सुकताना पुठ्ठ्याला ओढतो. मग मागच्या बाजूलाही तसाच कागद लावला, वर जाड पुस्तकं ठेवली आणि रात्रभर सोडून दिलं. आठ वर्षांच्या मुलीला ही गोष्ट कुठलं दुकान शिकवणार?

भाचीच्या सासूबाईंना मात्र ते रुचलं नाही. “दिवाळीच्या तोंडावर घरात घुबड?” त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. घराच्या भिंतीवर काय असावं याला अर्थ असतो, आणि परदेशात तर तो जास्तच जपावा लागतो. पण घुबड हे लक्ष्मीचंच वाहन मानलं जातं, हेही खरं. आणि भय दाखवणारं रूप स्वतः घडवायचं, चार दिवस बघायचं, मग उतरवून ठेवायचं, ही रीत आपल्याला परकी आहे का?

आपला नरकासुर आठवा. २०२४ साली योगायोग असा, की नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली. पहाटे गोव्यात नरकासुर जळले, आणि त्याच तारखेच्या रात्री अमेरिकेत भोपळ्यांत दिवे लागले. नरकासुर म्हणजे तरी काय? बांबूचा सांगाडा, आत गवत, वर कागद, खळ आणि रंग. वाड्यावरची पोरं आठवडाभर राबायची. कुणी गवत आणी, कुणी मैद्याची खळ शिजवी, आणि मुखवटा कुणी करायचा यावरून भांडणं होत. आता कित्येक ठिकाणी मुखवटा बाजारातून येतो आणि वर्गणीचा मोठा वाटा ध्वनिक्षेपकांवर जातो. आकाशकंदिलाचीही तीच गत. हे कुणा हॅलोवीनने केलेलं नाही, मंडळी. आपणच पाकीट काढलं आणि कात्री खाली ठेवली.

म्हणून माझं मत साधं आहे. न्यू जर्सीतल्या मराठी घराने हॅलोवीनची चौकट खुशाल करावी, फक्त हाताने करावी. ज्या पोरीला पुठ्ठा का वाकतो हे कळलं, ती दिवाळीत आकाशकंदिलाचा कागदही नीट ताणून लावील. आणि इथे गोव्यात बसून परक्या भुतांवर चिडणाऱ्यांनी आधी आपल्या वाड्यावर जाऊन बघावं, यंदाच्या नरकासुराचा मुखवटा कोण करतंय. कुणी करत नसेल तर वाटीभर मैद्याची खळ शिजवून न्यावी. पोरं जमतात, मी पाहिलंय.